‘व्हिज्युअल लर्नर’ सोन्या आणि सिडकोतल्या पाट्या : एका केसची पूर्ण हकीकत

आधी केस कुणाची ते सांगते. मुलगा तिसरीत, वय साडेआठ, नाशिकच्या सिडकोतली सेमी इंग्लिश शाळा, वडील अंबड एमआयडीसीत शिफ्टला, आई घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते, आजी मूळची निफाडकडची पण आता यांच्याकडेच असते. खरं नाव अर्थातच देत नाही, इथं सोन्या म्हणते, आजी तसंही तेच म्हणते. वर्ष २०२३-२४. मी सिडकोतच संध्याकाळी वाचन-लेखनात मागे राहिलेल्या पोरांची छोटी बॅच घेते, तिथे हे लोक दिवाळीच्या सुट्टीनंतर आले. आईची तक्रार एका दमात, "मॅडम, सगळं समजतं त्याला, कविता पाठ, पाढे पाठ, टीव्हीवरचं सगळं पाठ, पण धडा वाच म्हटलं की तोंडाला कुलूप."

आणि मग तिनं पिशवीतून एक स्पायरल बाइंडिंगचा रंगीत रिपोर्ट काढला. बोटांचे ठसे घेऊन तुमचं मूल कसं शिकतं ते सांगतात ना, डीएमआयटी म्हणतात ती टेस्ट, पहिलीच्या शेवटी एका सेंटरमध्ये करून घेतलेली. त्यात तीन बार. व्हिज्युअलचा म्हणजे बघून शिकण्याचा सगळ्यात उंच, कायनेस्थेटिक म्हणजे हातानं करून शिकण्याचा मधला, ऑडिटरी म्हणजे ऐकून शिकण्याचा एकदम बुटका. खाली सल्ला असा की मुलाला चित्रं, चार्ट, व्हिडिओ यातूनच शिकवा, नुसतं तोंडी सांगून उपयोग व्हायचा नाही. आता त्या माऊलीनं जे लिहिलंय ते अगदी मनापासून केलं, भिंतीवर चार्ट लावले, प्रत्येक शब्दाचं चित्रासकट कार्ड केलं, मोबाईलवर रोज अक्षरांची गाणी लावली. हे मुद्दाम लिहितेय कारण अशा केसमध्ये लोक पटकन आईबापावर घसरतात, घरी लक्ष देत नसतील, मोबाईल देऊन बसवत असतील वगैरे. इथे लक्ष भरपूर होतं, ते लावलेलं मात्र भलत्याच ठिकाणी होतं.

अजून एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा मुलगा पहिलीत होता २०२१-२२ ला. म्हणजे बालवाडीचं सगळं वर्ष मोबाईलवर आणि पहिलीचंही निम्म्याहून जास्त. ज्या वयात पाटीवर अक्षर गिरवायचं, शेजारच्याचं बघून पुसायचं, बाईंनी हात धरून परत काढून घ्यायचं, त्या वयात हा पोरगा स्क्रीनवर क कमळाचा बघत होता. वर्ग भरायला लागला तेव्हा बाईंपुढे पुढचा सिलॅबस, आणि पट मोठा, त्यामुळे ज्याची बाराखडी तोंडपाठ त्याला ती येते असंच धरलं गेलं. शाळेचा यात फार दोष काढण्यात अर्थ नाही.

तपासणीत काय दिसलं

मी पहिल्या भेटीत पुस्तक उघडत नाही, गप्पा मारते. सोन्या बोलायला एक नंबर. आजीच्या भावाची द्राक्षबाग आहे, तर एप्रिलची खरड छाटणी वेगळी आणि ऑक्टोबरची छाटणी वेगळी, हे त्यानं मला हातवारे करून समजावलं, पाऊस पडला की मण्यांचं काय होतं ते पण. मग मी त्याला एक छोटा उतारा वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले, सगळी उत्तरं बरोबर, वर एक प्रश्न त्यानंच मला विचारला. म्हणजे भाषा आहे, शब्द आहेत, ऐकून समजतंय. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलेलं, वाचून समजणं म्हणजे छापलेलं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असली की दुसरी कितीही तगडी असो, उत्तर शून्याजवळच येणार. सोन्याची कुठली बाजू पडकी आहे ते इथेच निम्मं कळलं.

मग कार्ड काढली, त्याच्याच घरची. चित्रासकट कमळ, बदक, मगर, सगळं धडाधड. चित्रावर बोट ठेवून झाकलं तरी बरंचसं जमलं. मग मी कोऱ्या कागदावर लिहिलं ‘मकळ’. असा शब्द नाही, माहितीये, म्हणूनच लिहिला. सोन्या म्हणाला, कमळ. ‘दबक’ लिहिलं, तो म्हणाला बदक. ‘पणती’ लिहिलं तर म्हणाला पाणी. ओळखीची अक्षरं बघायची, साधारण लांबी बघायची, आणि ओळखीतला शब्द ठोकून द्यायचा. दीड-दोन वर्षं चित्राच्या कार्डांवर तो हेच शिकला होता, आणि मान्य करायला हवं की अंदाज लावण्यात तो फार तरबेज झाला होता. पहिली-दुसरीत त्यावर निभावलं. तिसरीत धडे लांब झाले, चित्रं कमी झाली आणि कोसळलं.

सुटी अक्षरं बहुतेक येत होती. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यात गडबड, ती या वयाच्या बऱ्याच पोरांची असते. ‘खाऊ’ ला ‘रवाऊ’ वाचलं, यावर तो स्वतःच हसला.

पण खरी गोम पुढे होती. मी ‘मे’ लिहिलं. नुसतं मे. पोरगा गप्प, मग ओठ हलायला लागले, जवळ कान नेला तर पुटपुटत होता, म मा मि मी मु मू मे... आणि मग मोठ्यानं "मे!" प्रत्येक अक्षराला हेच. आरतीचं मधलं कडवं आठवायला पहिल्यापासून म्हणावी लागते ना, तसं. बाराखडी त्याला पाठ होती पण एक ओळ म्हणून, आणि त्या ओळीत सुरुवातीपासून चालत गेल्याशिवाय त्याला कुठल्याच खुणेपाशी पोचता येत नव्हतं. आता असं करत करत ‘मेळ्यात मिठाईवाला आला होता’ हे वाक्य वाचायला किती वेळ लागेल, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात लक्षात तरी राहील का, सांगा.

इथे गंमत बघा. रिपोर्टप्रमाणे याचं ऑडिटरी सगळ्यात कमकुवत, आणि पोरगा काना-मात्रा वाचतोय कशावर, तर कानात साठवलेल्या चालीवर! आणि रिपोर्टप्रमाणे व्हिज्युअल एकदम भक्कम, पण घ-ध मधला डोळ्यांनी टिपायचा फरक निसटतोय. त्या तीन बारांनी समोर बसलेल्या मुलाबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं.

लिखाणाची वही तर वेगळंच प्रकरण. फळ्यावरून उतरवलेलं सुंदर, मोत्यासारखं, आई कौतुकानं दाखवत होती. तेच मी तोंडी सांगितलं तर ‘किती’ चं ‘कती’, ‘दिवस’ चं ‘दवस’. बघून उतरवणं म्हणजे त्याच्यासाठी चित्र काढणं होतं, आवाज आणि खूण यांचा त्यात संबंधच येत नव्हता. पहिली वेलांटी तर आपल्या लिपीतला खट्याळ प्रकारच, तोंडात क आधी आणि इ नंतर, कागदावर खूण आधी आणि क नंतर. मोठ्यांना हे जाणवत सुद्धा नाही कारण आपण ते कधीच गिळून टाकलंय. रफार तसाच, बोलताना आधी येतो आणि बसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर.

डोळे आणि कान आधी तपासून आणा म्हटलं होतं, ते दोन्ही नॉर्मल आले. डिस्लेक्सिया आहे का, हा प्रश्न वडिलांनी फोनवर हळू आवाजात विचारला. मी सांगितलं की शक्यता नाकारत नाही, मराठीतून तपासायची सोय आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या टीमनं केलेली डाली नावाची चाचणी २०१५ पासून हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखनातली ही विशिष्ट अडचण धरलेलीसुद्धा आहे. पण ज्या मुलाला स्वरचिन्हं नीट कुणी शिकवलेलीच नाहीत त्याला शिकवून बघण्याआधी शिक्का कशाला? आधी काही महिने रीतसर शिकवू, हलला तर ठीक, नाही हलला तर मग थांबायचं नाही, सरळ तपासणी.

मग रिपोर्टचं काय?

हे विचारायला वडील स्वतः आले, नाइट शिफ्ट करून, डोळे लाल. "मॅडम, पैसे मोजलेत, तुम्ही म्हणता ते बाजूला ठेवा. मग ते खोटं का?"

मी म्हटलं भाऊ, बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात, त्यावरून आठव्या वर्षी त्यानं उकार कसा शिकावा हे कळतं याला काडीचा शास्त्रीय आधार नाही. ते त्यांना पटकन पटलं. पण मग ते म्हणाले, ठसे सोडा, पण पोरं वेगवेगळ्या पद्धतीनं शिकतात हे तर खरं ना, शाळेतल्या बाई पण म्हणतात. आणि हा प्रश्न मात्र वाजवी आहे, कारण हे बी.एड.च्या नोट्सपासून पालक मेळाव्यापर्यंत सगळीकडे असतं.

तर थोडक्यात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ च्या सुमारास व्हार्क नावाची प्रश्नावली काढली, बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून असे चार कल. तशी मॉडेल्स इतकी निघाली की २००४ मध्ये ब्रिटनमधल्या फ्रँक कॉफिल्ड यांच्या गटानं मोजदाद केली तर ७१ भरली. एवढे ७१ जण माणसाच्या शिकण्याचे वेगवेगळे कप्पे पाडतायत, यातच काय ते समजावं असं माझं मत. मग २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी एक साधी अट घातली. ‘बघून’वाल्यांना बघून शिकवल्यावर जास्त आलं पाहिजे आणि ‘ऐकून’वाल्यांना ऐकून, आणि उलटं केलं की दोघांचंही कमी व्हायला पाहिजे, तरच जुळवून शिकवण्याला अर्थ. या अटीला उतरेल असा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. २०१५ मध्ये बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी तर थेट वाचनातच तपासलं, मोठी माणसं घेतली, त्यांचा कल ऐकण्याकडे की वाचण्याकडे ते पाहिलं, मग काहींना पुस्तक ऐकवलं आणि काहींना वाचायला दिलं. कल जुळल्याचा समजण्यावर काही फरक पडला नाही. आणि ज्या हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचं नाव असल्या रिपोर्टवर छापतात, ते स्वतः सांगून थकले की ती बुद्धिमत्ता वेगळी आणि लर्निंग स्टाइल, म्हणजे हा बघून-ऐकून शिकण्याचा कल, वेगळा.

आवड नसते असं कुणी म्हणत नाही. कुणाला चित्रं आवडतात, कुणाला गाणी, तो आनंद खरा आहे. पण वाचायला शिकताना तिथे निवड करायला जागाच नाहीये. अक्षर डोळ्यांना दिसतं आणि ते उभं असतं आवाजासाठी, डोळा आणि कान यांची गाठ मारणं म्हणजेच वाचन. त्यातला कान ‘याच्या स्टाइलमध्ये बसत नाही’ म्हणून वगळला तर राहतं काय? चित्र. सोन्याकडे तेवढंच राहिलं होतं.

वडील म्हणाले, "म्हणजे आम्ही त्याला दोन वर्षं पोहायला शिकवलं आणि पाण्यात उतरूच दिलं नाही." मी काही बोलले नाही, त्यांनीच चहा संपवला आणि गेले.

काय केलं

चित्रांची कार्डं कपाटात. पूर्ण बंद नाही, गोष्टीची पुस्तकं चालू ठेवली, पण ती आई किंवा आजीनं वाचायची आणि यानं ऐकायची. शिकायच्या शब्दाशेजारी मात्र चित्र नाही.

मग अक्षरगट. क पासून ज्ञ पर्यंत एका रांगेत नाही, तर म, क, र, स, ळ अशी थोडीच अक्षरं आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. महाराष्ट्रात प्राथमिक भाषाशिक्षणाचं काम करणारे बरेच जण असंच करतात, कारण मुलाला पहिल्याच आठवड्यात खरे शब्द मिळतात, काम, मका, मामा, रस, मासा, काळा. बाराखडीची आडवी ओळ मोडली. क का कि की नाही, तर का मा रा सा ळा. एक खूण, अनेक अक्षरं. त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल कापून एका तुकड्यावर मार्करनं फक्त काना काढला, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहिली आणि तो तुकडा त्यावरून सरकवायचा, सरकवला की आवाज बदलायचा, म चा मा, काढला की परत म. पोराला हे एकदम पटलं, हातानं सरकवतोय, डोळ्यांनी बघतोय, तोंडानं म्हणतोय. कुणी म्हणेल हे तर कायनेस्थेटिक झालं! नाही हो. हे मी बॅचमधल्या सगळ्यांशी करते, कुणाचा कुठला बार उंच ते न विचारता. मॉन्टेसरीची सॅंडपेपरची अक्षरं त्याच जातीची, आणि सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात अडलेल्या मुलांसाठी बसवलेली पद्धतही डोळा-कान-हात एकदम लावणारीच.

ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना आवाज म्हणायचा. ख आणि रव चा घोळ रव्यातच मिटवला, यावर आजी म्हणाली, "बाई, शेवटी रव्यानंच पोराला ख शिकवला म्हणायचा." तो रवा नंतर चाळून शिऱ्याला गेला असं ऐकलं.

बाराखडीची चाल सुटायला वेळ लागला. ओठ हलायचेच. मग एक खेळ केला, मी मे म्हटलं की त्यानं तोच आवाज बाकीच्या अक्षरांना लावायचा, के रे से ळे, ओळीत न जाता. इथे तो बराच अडखळला, आणि हे अपेक्षितच होतं. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे एक पूर्ण तुकडा, त्याच्या आतला म् वेगळा आणि ए वेगळा हे मुलांना उशिरा उमगतं. सोनाली नाग यांचं कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचं काम २००७ मध्ये छापून आलं त्यात हेच दिसतं, की इंग्रजीची २६ अक्षरं मुलं जशी लवकर उरकतात तसं आपल्याकडच्या अक्षरांचं होत नाही, ते शिकणं पुढच्या इयत्तांपर्यंत चालू राहतं आणि आतले सुटे ध्वनीही सावकाश कळतात. पहिलीत बाराखडी ‘झाली’ म्हणून टिकमार्क करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. कन्नड काय, मराठी काय, लिपीची घडण त्याच कुळातली.

पाट्या

आता या केसमधला माझा आवडता भाग. सोन्याला बस आणि रिक्षा यांचं भयंकर वेड, कुठली सिटीलिंक बस कुठून कुठे जाते ते त्याला पाठ. आणि सिडकोतली नावं बघाल तर वाचन शिकवायला कुणी मुद्दाम चढत्या क्रमानं लावून ठेवल्यासारखी आहेत.

पवननगर. एकही काना नाही, मात्रा नाही, सहा सरळ अक्षरं. हे त्यानं सगळ्यात आधी दुकानाच्या पाटीवर वाचलं, प-व-न-न-ग-र, आणि मग मागे वळून आईला, "अगं हे तर आपलं पवननगर!" तिथे राहून इतकी वर्षं झाली पण ती अक्षरं त्याच्या लेखी नुसती नक्षी होती. मग सावतानगर, फक्त काना. लेखानगर, मात्रा आणि काना, वर तो ख. शिवाजी चौक, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी आणि दोन मात्रांचा औ. सातपूर आणि निमाणी बसच्या पाटीवर. उत्तमनगरला पहिलं जोडाक्षर. पाथर्डी फाट्याला रफार, तो त्यानं कित्येक दिवस ‘पाथडी’ वाचला, तोंडानं मात्र नेहमी बरोबर पाथर्डी म्हणायचा, मग एकदा मीच विचारलं की तू म्हणतोस त्यातला र पाटीवर कुठाय, शोध. बघत बसला. मग बोट वर नेलं, "हा? हा वाकडा?" आणि पुढचे दोन दिवस त्याला सगळीकडे रफारच दिसत होते, सूर्या टेलर्सच्या जुन्या कॅलेंडरपासून वर्गाच्या दारापर्यंत. त्रिमूर्ती चौक शेवटी ठेवला होता. त्यात पहिली वेलांटी, जोडाक्षर, दीर्घ उकार, रफार आणि दुसरी वेलांटी सगळं तीन अक्षरांत कोंबलंय. तो वाचला त्या दिवशी वडिलांनी मला त्रिमूर्ती चौकातून फोन लावला होता, मागे हॉर्नचा एवढा गोंगाट की सोन्या काय वाचतोय ते मला ऐकूच आलं नाही.

वाटेत एक अडचण भेटली ती मोठ्यांना सहसा दिसत नाही. पाठ्यपुस्तकात ल पाकळीचा असतो, आणि बऱ्याच पाट्यांवर आणि मोबाईलवर दांडीचा, हिंदी वळणाचा. श चंही तेच. तो ‘लेखानगर’ मोबाईलवर अडला आणि कागदावर नाही, तेव्हा लक्षात आलं. दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून दिली, संपलं.

इथे आवड कामाला आली का? शंभर टक्के आली. बस आवडत नसती तर एवढा सराव त्यानं केलाच नसता. पण आवडीनं त्याला पाटीपर्यंत नेलं, पाटी वाचायची रीत मात्र सगळ्यांना लागते तीच लागली.

रोजचा वेळ जास्त नाही, वीसेक मिनिटं माझ्याकडे आणि घरी पंधरा. वर्गशिक्षिकेला एकच विनंती केली, अचानक उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावू नका, उद्या कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा. त्यांनी ते पाळलं, आणि त्याचा उपयोग माझ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांइतकाच झाला असेल. नाताळच्या सुट्टीत निफाडला गेला तेव्हा सराव बुडाला, आल्यावर बरंच विसरलेला, ओठ परत हलायला लागले. आई रडकुंडीला. पण या वेळी गाडी लवकर रुळावर आली, आणि ही खूण मला चांगली वाटली.

त्याच बॅचमधली दुसरी मुलगी

हिचं सांगितल्याशिवाय केस अर्धी राहील. दुसरीतली, घरी अहिराणी बोलतात, मालेगावकडून आलेलं कुटुंब. ही शांत, ऐकणारी, हिला कुणीही ‘ऑडिटरी’ म्हटलं असतं. हिला स्वरचिन्हं पक्की येत होती, ‘मकळ’ लिहिलं तर मकळच वाचायची. अडायची कुठे, तर वाचून झाल्यावर काय वाचलं ते विचारलं की. पुस्तकातले कितीतरी मराठी शब्द तिच्या घरात वापरातच नव्हते. तिला माझी प्लॅस्टिकची पट्टी काय कामाची? तिच्याशी गप्पा, गोष्टी, शब्द, तिच्या अहिराणीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी ठेवणं, हे लागलं. दोघांत फरक होता, प्रचंड होता, पण तो डोळे-कान-हात असा नव्हता. एकाला उलगडता येत नव्हतं, दुसरीला उलगडलेलं समजत नव्हतं. मुलं वेगवेगळी असतात म्हणजे अशी वेगवेगळी असतात, कोण कुठे अडलंय, घरी कुठली बोली, आधी काय बुडालंय, किती सरावानं पक्कं होतं, आणि हे ओळखायला मुलाजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

मार्च २०२४ अखेर

सोन्या दुसरीच्या पातळीची गोष्ट सावकाश पण बरोबर वाचतो, अनोळखी शब्दाला अंदाज न ठोकता थांबून फोडतो. ‘दबक’ परत दाखवलं तर दबक म्हणाला आणि विचारलं, "मॅडम, याला काही अर्थ आहे का?" तिसरीच्या धड्यांना अजून दम लागतो. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या योजनेच्या हिशोबानं तिसरी संपताना समजून, सहज वाचता यायला पाहिजे, तिथवर तो पोचलेला नाही आणि तसं मी घरी स्पष्ट सांगितलं.

लिखाण मागे आहे. पहिली वेलांटी बरीच सुधारली, ऱ्हस्व-दीर्घ अजून रामभरोसे, त्यावर सध्या लाल पेन चालवायचं नाही असं आईशी ठरलंय. जोडाक्षरं वाचतो पण सांगितलेली लिहिता येत नाहीत, ‘उत्तम’ चं ‘उतम’ होतं. इंग्रजीला अजून हात लावलेला नाही, सेमी इंग्लिश असल्यामुळे ती भीती वडिलांना आहेच, पण दोन लिप्या एकदम ओढायची माझी तयारी नाही.

उन्हाळ्यात निफाडला जाताना वही सोबत दिलीये, आजीच्या भावाच्या बागेतल्या औषधांच्या डब्यांवरची नावं लांबूनच वाचायची, हात लावायचा नाही, आणि घरी येऊन आठवतील तशी लिहायची. जूनमध्ये चौथी सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात तोंडी सांगून लिहिणं परत तपासणार. तेव्हाही जोडाक्षरं आणि रफार लिखाणात जिथल्या तिथेच असतील तर जुलैमध्ये मराठीतून रीतसर तपासणी करून घ्यायची, आणि त्या दिवशीची सुट्टी वडिलांनी आत्ताच सुपरवायझरला सांगून ठेवलीये.